परदेशात यूपीआय चालतं म्हणे! मग बँकॉकमध्ये फोन हातात असून मी कंगाल का होतो?

रात्रीचे साडेअकरा. बँकॉकमधल्या एका हॉटेलचं रिसेप्शन. आम्ही कॉलेजचे चौघे मित्र, पहिलीच परदेश ट्रिप. रिसेप्शनवरच्या मुलीने हसत सांगितलं, "२,००० बाट डिपॉझिट." मी ऐटीत डेबिट कार्ड पुढे केलं. डिक्लाइन. पुन्हा टॅप केलं. पुन्हा डिक्लाइन. खात्यात पैसे होते, फोन चार्ज होता, नेट चालू होतं. तरीही पुढची चाळीस मिनिटं माझ्याकडे एक रुपयासुद्धा नव्हता.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर सर्व्हर, एपीआय आणि "सिस्टीम का पडली" यातच असतो. पण माझी स्वतःची सिस्टीम अशी पडेल हे डोक्यातच आलं नव्हतं. कारण निघण्याआधी मी दहा रील बघितल्या होत्या: "यूपीआय आता जगभर!" आयफेल टॉवरपुढे क्यूआर स्कॅन करणारे लोक, खाली टाळ्यांचे इमोजी.

ती बातमी खोटी नाही. पण अर्धी आहे. आणि उरलेली अर्धी माहीत नसेल तर परदेशात पैसेही जास्त जातात आणि कधीकधी माणूस अडकतोही. म्हणून आज हा विषय नीट उलगडून बघू.

आधी बातमी: यूपीआय नक्की कुठे पोहोचलंय?

यूपीआय भारतात २०१६ मध्ये सुरू झालं. ते बाहेर नेण्यासाठी एनपीसीआयने २०२० मध्ये एनआयपीएल नावाची वेगळी कंपनी काढली. २०२१ मध्ये भूतानने सर्वात आधी आपला क्यूआर स्वीकारला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी यूपीआय सुरू झालं. त्याच महिन्यात श्रीलंका आणि मॉरिशस आले, मार्चमध्ये नेपाळ. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीतल्या काही दुकानांतही ते चालतं.

यादी वाचून भारी वाटतं. पण "फ्रान्समध्ये चालतं" याचा अर्थ फ्रान्समधल्या प्रत्येक बेकरीत चालतं असा नाही. ज्या दुकानाने किंवा त्याच्या पेमेंट कंपनीने एनआयपीएलशी करार केलाय, तिथेच चालतं. आपल्याकडे टपरीवाल्यापासून मॉलपर्यंत क्यूआर असतो, ती सवय डोक्यात ठेवून विमानात बसलात तर फसाल.

यात अजून तीन बातम्या एकमेकींत मिसळतात, त्या वेगळ्या करून घ्या.

पहिली, दुकानात क्यूआर स्कॅन करून पैसे देणं. पर्यटकाच्या कामाची हीच. ही फक्त दुकानदाराला पैसे देण्यासाठी असते. तिकडच्या टॅक्सीवाल्याच्या वैयक्तिक खात्यात तुम्ही यातून पैसे टाकू शकत नाही.

दुसरी, फेब्रुवारी २०२३ मध्ये जोडलेलं यूपीआय आणि सिंगापूरचं पेनाऊ. ही सोय एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या खात्यात पैसे पाठवण्यासाठी आहे. सुरुवातीला दिवसाला ६०,००० रुपयांची मर्यादा होती. तिथे नोकरी करणाऱ्या मुलाने घरी पैसे पाठवायचे असतील तर उपयोगी. सिंगापूरच्या फूड कोर्टमध्ये जेवणाचं बिल भरण्याशी तिचा संबंध नाही.

तिसरी, २०२३ पासून काही देशांतल्या अनिवासी भारतीयांना त्यांच्या परदेशी मोबाइल नंबरवर यूपीआय वापरता येऊ लागलं. दुबईतला तुमचा मामेभाऊ पुण्यातल्या आजीला यूपीआय करतो ते यामुळे. पण त्याचं खातं भारतातलंच असतं, एनआरई किंवा एनआरओ.

बँकॉकमध्ये तर प्रत्येक गाड्यावर क्यूआर होता!

हो, होता. मँगो स्टिकी राइसच्या गाड्यावरसुद्धा. पण तो थायलंडच्या स्वतःच्या प्रॉम्प्टपेचा. आपल्या क्यूआरमध्ये दुकानदाराचा यूपीआय पत्ता असतो, त्यांच्या क्यूआरमध्ये त्यांच्या व्यवस्थेतला. दिसायला दोन्ही काळे-पांढरे चौकोन, पण माझं अॅप तो स्कॅन करून गप्प बसलं. मराठीतलं पत्र थाई पोस्टमनच्या हातात द्यावं तसं.

दोन देशांच्या व्यवस्था जोडायच्या तर भाषा, चलन, फसवणुकीची तपासणी, तक्रार कुणी सोडवायची, सगळं ठरवावं लागतं. प्रत्येक जोडीसाठी वेगळं. पाच देश असतील तर दहा जोड्या होतात. दहा देश असतील तर पंचेचाळीस. आमच्या कामात याला आम्ही सरळ "स्पॅगेटी" म्हणतो.

यावर उपाय म्हणून नेक्सस नावाचा प्रकल्प आहे. जून २०२४ च्या अखेरीस रिझर्व्ह बँक त्यात सामील झाली. सोबत मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड. कल्पना सोपी आहे: प्रत्येक देशाने मधल्या एका व्यवस्थेला एकदाच जोडायचं, म्हणजे बाकी सगळ्यांशी आपोआप जोडला जाईल. हे पूर्णपणे रुळलं तर चित्र खरंच बदलेल. पण तुमचं तिकीट पुढच्या महिन्याचं असेल तर नेक्ससच्या भरवशावर निघू नका.

मग मी अडकलो कशामुळे?

इथे खरी इंजिनिअरिंगची गोष्ट आहे. तीन कुलपं होती आणि प्रत्येकाची किल्ली दुसऱ्याच्या आत.

पहिलं कुलूप कार्डचं. जानेवारी २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार नवीन किंवा बदलून मिळालेलं कार्ड फक्त भारतातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू असतं. परदेशी वापर, ऑनलाइन वापर, टॅप करून पैसे देणं, हे सगळं ग्राहकाने स्वतः चालू करायचं. नियम चांगला आहे, आपल्या सुरक्षेसाठीच आहे. पण मी "इंटरनॅशनल" हे बटण कधी बघितलंच नव्हतं.

ठीक आहे, अॅपमधून चालू करू. आता दुसरं कुलूप. विमानतळावर मी स्वस्त थाई टूरिस्ट सिम घेतलं होतं आणि आपलं सिम काढून पाकिटात ठेवलं होतं. बँकेची आणि यूपीआयची अॅप तुमच्या सिमशी बांधलेली असतात. नोंदणीच्या वेळी अॅप तुमच्या फोनमधून गुपचूप एक एसएमएस पाठवतं, त्यावरून बँकेला कळतं की नंबर आणि फोन एकाच माणसाचा आहे. सिम गायब दिसलं की बरीच अॅप घाबरतात आणि पुन्हा पडताळणी मागतात. माझ्या अॅपने तेच केलं.

बरं, सिम परत टाकलं. तिसरं कुलूप: त्या सिमवर रोमिंग चालू नव्हतं. नेटवर्क नाही, म्हणजे एसएमएस जाणार नाही, म्हणजे अॅप उघडणार नाही, म्हणजे कार्ड चालू होणार नाही. रोमिंग पॅक घ्यायचा तर पैसे भरायचे, आणि पैसे भरायचे तर ओटीपी हवा.

मी रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून हा गोल गोल फिरणारा लूप समजून घेत होतो आणि मनातल्या मनात कोड लिहिणाऱ्याला शिव्या देत होतो. मग आठवलं, असं कोड मीही लिहितो.

सुटका कशी झाली? मित्राने डिपॉझिट त्याच्या क्रेडिट कार्डवर दिलं. त्याच्याच फोनवरून माझ्या नंबरचा रोमिंग पॅक मारला. नेटवर्क आलं, एसएमएस गेला, अॅप उघडलं, कार्ड चालू झालं. मी एकटा गेलो असतो तर? हा विचार मला त्या रात्री झोप लागेपर्यंत सोडत नव्हता.

म्हणून पहिला धडा: भारतीय सिम फोनमधून काढू नका. फोनमध्ये ई-सिम चालत असेल तर परदेशी डेटा ई-सिमवर घ्या आणि आपलं सिम जागेवर राहू द्या, फक्त त्याचा डेटा बंद ठेवा. रोमिंग निघण्याआधी चालू करा. ओटीपीचे एसएमएस येण्याइतपत छोटा पॅकही पुरतो. आणि ट्रिपच्या आदल्या आठवड्यात नवा फोन घेण्याचा मोह टाळा, कारण सगळ्या अॅपची पडताळणी पुन्हा करावी लागते.

आता पैशांची गळती: "रुपयांत द्यायचे की बाटमध्ये?"

दुसऱ्या दिवशी कार्ड चालू झाल्याच्या आनंदात आम्ही चांगल्या रेस्टॉरंटमध्ये जेवलो. वेटरने मशीन पुढे केलं. स्क्रीनवर दोन पर्याय: आयएनआर आणि टीएचबी. आपला रुपया बघून बरं वाटलं, मी आयएनआर दाबलं.

चूक.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, थोडक्यात डीसीसी. तुम्ही रुपये निवडले की रूपांतराचा दर तुमची बँक किंवा व्हिसा-मास्टरकार्ड ठरवत नाहीत. दुकानाच्या मशीनमागची कंपनी ठरवते. आणि तो दर ती स्वतःच्या फायद्याचा ठेवते.

समजा बिल १,००० बाट आहे आणि हिशोबाच्या सोयीसाठी धरू की १ बाट म्हणजे अडीच रुपये.

बाट निवडलं तर: नेटवर्कच्या दराने २,५०० रुपये. त्यावर बँकेचा फॉरेन करन्सी मार्कअप. बऱ्याच भारतीय कार्डांवर तो ३.५ टक्के असतो, म्हणजे ८७.५० रुपये. मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५.७५. एकूण साधारण २,६०३ रुपये.

रुपये निवडले तर: समजा मशीनने ६ टक्के वाईट दर लावला. २,६५० रुपये. आता तुम्हाला वाटेल, रुपयातच कापले म्हणजे बँकेचा मार्कअप तरी वाचला. पण अनेक बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही १ टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी लावतात. म्हणजे आणखी ३१ रुपये. एकूण २,६८१.

फरक ७८ रुपयांचा. "एवढंच ना?" असं वाटेल. पण अख्ख्या ट्रिपमध्ये ५०,००० रुपये असेच खर्च केले तर दीड हजारांहून जास्त गेले. आणि तुमचं कार्ड शून्य मार्कअपवालं असेल तर हाच फरक साडेतीन हजारांच्या पुढे जातो, कारण कार्डचा सगळा फायदाच तुम्ही एका बटणाने घालवला.

नियम एकच, पाठ करून टाका: स्क्रीनवर विचारलं तर नेहमी त्या देशाचं चलन निवडा. दुकानात, हॉटेलात, एटीएमवर, आणि परदेशी वेबसाइटवर बुकिंग करतानासुद्धा. वेटरने न विचारता रुपये दाबले तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. लाजू नका, तुमचे पैसे आहेत.

एटीएम, फॉरेक्स कार्ड, रोख: कुठे काय

थायलंडच्या एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी साधारण २२० बाट शुल्क लागत होतं. वरच्याच दराने ते ५५० रुपये झाले. हे शुल्क रकमेवर नाही, खेपेवर आहे. म्हणजे ५,००० बाट एकदम काढले तर २२०, आणि अडीच-अडीच हजार दोनदा काढले तर ४४०. तुमची बँक वरून स्वतःचं शुल्क लावते ते वेगळंच. त्यामुळे थोडे थोडे काढण्याची भारतातली सवय तिथे महाग पडते. आणि क्रेडिट कार्डने एटीएममधून रोख काढू नका. त्यावर शुल्क तर आहेच, पण व्याजही पहिल्या दिवसापासून चालू होतं.

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड. दर भरतानाच पक्का होतो, त्यामुळे बजेट सांभाळायला सोपं आणि मूळ खात्यापासून वेगळं, म्हणून सुरक्षितही. पण एक खाच आहे. कार्डात डॉलर भरलेत आणि बाटमध्ये खर्च केलात तर क्रॉस-करन्सी शुल्क लागू शकतं. ज्या देशाचं चलन त्या कार्डात भरता येत नाही, तिथे फॉरेक्स कार्डचा फायदा बराच कमी होतो. कार्ड घेण्याआधी शुल्कांचा तक्ता वाचा.

हॉटेल किंवा गाडीचं डिपॉझिट शक्यतो क्रेडिट कार्डवर द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डवर दिलं तर ती रक्कम अडकून राहते आणि सुटायला कधीकधी बरेच दिवस लागतात. ट्रिप संपते, पैसे अडकलेलेच.

रोख थोडी हवीच. रात्रीची टॅक्सी, बाजार, मंदिरातली तिकिटं. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतचं परकीय चलन नोटांच्या रूपात नेता येतं, आणि भारतीय रुपये २५,००० पर्यंत. विमानतळावरच्या काउंटरवर दर सहसा वाईट असतो, तिथे फक्त शहरात पोहोचण्यापुरतं बदला. परत आल्यावर उरलेल्या नोटा शोकेसमध्ये ठेवायच्या नसतात. २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्याहून जास्त असतील तर १८० दिवसांत परत करायच्या.

टॅक्सचं भूत

"परदेशात कार्ड वापरलं की २० टक्के टॅक्स" हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. त्याची मुळं २०२३ मध्ये आहेत. मे महिन्यात सरकारने परदेशातला क्रेडिट कार्ड खर्च एलआरएस या योजनेच्या कक्षेत आणायचं ठरवलं, गदारोळ झाला, आणि जूनच्या अखेरीस तो निर्णय पुढे ढकलला. म्हणून परदेशात जाऊन क्रेडिट कार्ड स्वाइप केलं तर त्यावर टीसीएस लागत नाही.

डेबिट कार्ड, फॉरेक्स कार्ड आणि बँकेतून पाठवलेले पैसे मात्र एलआरएसमध्ये धरले जातात. या योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर नेता येतात. एप्रिल २०२५ पासून टीसीएसची मर्यादा ७ लाखांवरून १० लाख रुपये झाली. स्वतः आखलेल्या ट्रिपसाठी त्याखाली टीसीएस नाही. आपल्यासारख्यांच्या पाच दिवसांच्या ट्रिपला याची झळ लागत नाही. टूर कंपनीच्या पॅकेजचे नियम वेगळे आहेत, आणि बजेटमध्ये ते बदलत राहतात. आई-बाबांचं युरोपचं पॅकेज बुक करताना बिलात टीसीएस किती धरलाय ते विचारून घ्या. आणि कापला गेलाच तर तो बुडत नाही, रिटर्न भरताना हिशोबात येतो.

निघण्याआधी अर्धा तास द्या

मी आता प्रत्येक ट्रिपआधी हे करतो:

१. दोन कार्डांवर इंटरनॅशनल वापर चालू करतो आणि मर्यादा ट्रिपच्या खर्चाइतकीच ठेवतो. परत आलो की बंद.

२. ती दोन कार्डं दोन वेगळ्या बँकांची आणि दोन वेगळ्या ठिकाणी. एक पाकिटात, एक बॅगेत. पाकीट गेलं तरी एक उरतं.

३. भारतीय सिमवर रोमिंग चालू करतो. विमानतळावर उतरल्यावर आधी एखादा ओटीपी येतोय का ते तपासतो, मग हॉटेलकडे निघतो.

४. यूपीआय चालणाऱ्या देशात जायचं असेल तर अॅपमध्ये यूपीआय इंटरनॅशनल चालू करतो आणि पिन टाकण्याआधी रुपयांतली रक्कम व शुल्क वाचतो.

५. बँकेचा ९१ ने सुरू होणारा नंबर कागदावर लिहून ठेवतो. टोल-फ्री नंबर परदेशातून बऱ्याचदा लागत नाहीत. कार्ड हरवलं तर लगेच ब्लॉक करून बँकेला कळवायचं. उशीर केला तर जबाबदारी आपल्या अंगावर येऊ शकते.

६. मित्रांपैकी एकाकडे तरी वेगळ्या कंपनीचं सिम आणि वेगळ्या बँकेचं कार्ड असेल असं बघतो.

आम्ही सर्व्हर बांधताना एकच प्रश्न विचारतो: "हा एक भाग बंद पडला तर बाकीचं चालेल का?" भारतात आपल्याला हा प्रश्न पडत नाही, कारण यूपीआय इतकं सवयीचं झालंय की खिशात पाकीट ठेवणंच सुटलंय. परदेशात तेच यूपीआय अजून पाहुणं आहे. काही घरांत त्याचं स्वागत होतं, काही घरांत त्याला कुणी ओळखतही नाही. ते वापरा, अभिमानाने वापरा. फक्त त्याच्या एकट्याच्या भरवशावर रात्री साडेअकराला अनोळखी शहरात उभे राहू नका.

त्या रात्रीचे २,००० बाट मी मित्राला परत केले. कसे? विमान मुंबईला उतरलं, नेटवर्क आलं, आणि बेल्टवर बॅगेची वाट बघत उभा असताना यूपीआय केलं. दोन सेकंदांत गेले. घरी आल्यासारखं वाटलं.